मदतीचे खोके आणि आंतरभारती

२२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे तिच्याखाली गाडली गेली. त्याच दिवसांत पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडी येथे दरडींनी बळी घेतले. खाली सावित्री आणि गांधारी यांचे पाणी महाड शहराच्या बाजारपेठेत शिरले. त्याआधी सोळा वर्षांपूर्वी, २५ आणि २६ जुलै २००५ च्या पावसात, महाड तालुक्यातील जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते आणि पोलादपूर तालुक्यातील कोतवाल या गावांवर हाच प्रसंग ओढवला होता. त्या वेळी दीडशेहून अधिक माणसे दगावली.

दोन्ही वेळा महाराष्ट्राचे मन हेलावले व मदतीचा ओघ सुरू झाला. त्यात शाळांचा वाटा मोठा होता. शहरातील शाळांतून वह्या, दप्तरे, कंपासपेट्या, जुने कपडे गोळा होतात, मुले हौसेने खोकी भरतात, गाडी निघण्यापूर्वी फलकासह छायाचित्र निघते. मुलांच्या या उत्साहाला नावे ठेवण्याचे कारण नाही. दुसऱ्याचे दुःख पाहून जे मूल आपल्या खाऊच्या पैशातून वही विकत घेते त्याचे मन निर्मळच असते. अशा वह्यांच्या गठ्ठ्यात पुष्कळदा मुलांच्या हातची एखादी चिठ्ठीही असते: तुम्ही घाबरू नका, आम्ही तुमच्या पाठीशी आहोत. विचार करावयाचा तो या चिठ्ठीचा. तिच्यावर पत्ता नसतो, कारण तिचे उत्तर यावे अशी कोणाची अपेक्षाच नसते. ज्याला लिहिली त्याचे नाव लिहिणाऱ्याला ठाऊक नाही आणि ज्याला मिळाली त्याने परत काही लिहावे असे कोणी त्याला सांगत नाही. मग या व्यवहाराला दोन मुलांची ओळख म्हणायचे की एका मुलाचा सत्कार आणि दुसऱ्याची नोंद?

निरनिराळ्या प्रांतांतील, भाषांतील, धर्मांतील शाळकरी मुलांना सेवाकार्याच्या द्वारे एकत्र जोडावे ही कल्पना आज पुष्कळ ठिकाणी नव्याने मांडली जाते. शाळांना त्यासाठी गुण असतात, संस्थांना त्यासाठी निधी मिळतो, कंपन्यांना त्यातून अहवालाची पाने भरता येतात. समाजवादी कार्यकर्त्यांना ही कल्पना अपरिचित नाही. ती त्यांच्या घरातलीच आहे. म्हणूनच तिचे आज काय होत आहे हे त्यांनी डोळे उघडून पाहिले पाहिजे.

साने गुरुजींनी १९४९ साली पुण्याच्या साहित्य संमेलनात आंतरभारतीचा विचार मांडला. रवींद्रनाथांच्या विश्वभारतीचे उदाहरण त्यांच्यासमोर होते, परंतु त्यांची तळमळ अधिक जवळची, अधिक घरगुती होती. भारतातील माणसे एकमेकांच्या भाषा जाणत नाहीत, एकमेकांच्या घरात जेवत नाहीत, एकमेकांची गाणी त्यांना येत नाहीत, मग हा देश एक आहे हे कशाच्या बळावर म्हणावयाचे, हा त्यांचा प्रश्न होता. प्रांतोप्रांतीची मुले एकत्र राहावीत, एकमेकांच्या भाषा शिकावीत असे त्यांना वाटे. दोन वर्षे आधी, मे १९४७ मध्ये, पंढरपूरचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून त्यांनी प्राण पणाला लावले होते. ही दोन कामे वेगळी समजण्याची चूक पुढे अनेकांनी केली. वस्तुतः ती एकच आहेत. ज्या देशात एका गावातील दोन मुले एका पायरीवर उभी राहू शकत नाहीत, तेथे बंगाली आणि मराठी मुलाचे हात एकमेकांत गुंफून काढलेले चित्र खोटे असते, हे गुरुजींना पुरेपूर ठाऊक होते.

आणि एका पायरीवर उभे राहण्याची गोष्ट निघाली की महाडचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे हजारो सत्याग्रही चवदार तळ्यावर गेले आणि त्यांनी तेथील पाणी प्राशन केले. तळे सार्वजनिक होते. मुंबई विधिमंडळात १९२३ साली बोले यांचा ठराव संमत झाला होता, महाड नगरपालिकेनेही तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला होता. तरीही सत्याग्रहींवर हल्ले झाले आणि पुढे तळे ‘शुद्ध’ करून घेण्यात आले. डिसेंबरमध्ये जेव्हा पुन्हा परिषद भरवायची ठरली तेव्हा कोणी जागा देईना. ती दिली फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने. सुरबा नाना टिपणीस, अनंतराव चित्रे यांच्यासारखी सवर्ण माणसे पहिल्यापासून या लढ्यात होती. दिवाणी दावा चालत राहिला आणि अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला.

हा इतिहास कार्यकर्त्यांना पाठ आहे. येथे त्यातील एकाच गोष्टीकडे लक्ष वेधावयाचे आहे. अस्पृश्यांसाठी वेगळी विहीर खणून देणारे दयाळू दाते त्या काळीही देशात होते. वेगळ्या विहिरीचे पाणीही तहान भागवते. महाडच्या सत्याग्रहींना पाण्याचा थेंब मिळत नव्हता म्हणून ते तळ्यावर गेले नाहीत. जे सर्वांचे आहे ते आपलेही आहे हे सिद्ध करण्यासाठी ते गेले. वेगळी विहीर हे दान आहे आणि एकच तळे हे नाते आहे. शाळकरी मुलांना जोडण्याच्या प्रत्येक उपक्रमाला हीच कसोटी लावावी: या उपक्रमाने मुले एका तळ्यावर येतात, की एका मुलाने दुसऱ्यासाठी वेगळी विहीर खणली जाते?

महाड परिषदेच्या मागे ज्यांची खटपट होती ते रामचंद्र बाबाजी मोरे हे दासगाव परिसरातले. शिष्यवृत्तीच्या परीक्षेत यश मिळवूनही महाडच्या इंग्रजी शाळेने या हुशार मुलाला प्रवेश नाकारला होता. गोष्ट वृत्तपत्रापर्यंत गेल्यावर प्रवेश मिळाला, पण बसण्याची जागा मात्र वेगळी. म्हणजे शिक्षण मिळाले, बाक मिळाला नाही. पुढे मोरे कम्युनिस्ट चळवळीचे कार्यकर्ते झाले. याच दासगावावर २००५ साली दरड कोसळली आणि तेथील मुलांना शहरातील शाळांतून वह्या आल्या. वही आली, बाक आजही वेगळाच आहे. तो आता जातीच्या नावाने वेगळा करता येत नाही, म्हणून शुल्काच्या नावाने वेगळा होतो. वही पाठवणारा मुलगा ज्या इंग्रजी शाळेत शिकतो तिच्या दारातून वही घेणाऱ्या मुलाला आत जाता येत नाही. कोठारी आयोगाने १९६६ साली दिलेल्या अहवालात समान शाळेचा, परिसरातील सर्व मुलांनी एकाच शाळेत शिकण्याचा आग्रह धरला होता. जे. पी. नाईक यांच्यासारखे महाराष्ट्रीय शिक्षणतज्ज्ञ या आयोगाचे सदस्य-सचिव होते. तो अहवाल ग्रंथालयात आहे आणि खोकी महामार्गावर आहेत.

१९२७ सालाची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ती घडली फार दूर, परंतु तिचा धडा इथे उपयोगाचा आहे. १९२४ साली अमेरिकेने जपानी लोकांना आपल्या देशात येण्यास कायद्याने बंदी केली. दोन्ही देशांत कटुता वाढली. तेव्हा सिडने गुलिक नावाच्या एका धर्मोपदेशकाच्या पुढाकाराने अमेरिकेतील शाळकरी मुलांनी जपानी मुलांना १२,००० हून अधिक बाहुल्या पाठवल्या. जपानात ३ मार्चला मुलींचा बाहुल्यांचा सण असतो. १९२७ च्या त्या सणाला टोकियोत या बाहुल्यांचे थाटात स्वागत झाले. महाडचा सत्याग्रह व्हायला तेव्हा पुरते तीन आठवडेही उरले नव्हते. जपानी मुलांनीही पैसे जमवून ५८ सुंदर बाहुल्या उलट पाठवल्या. म्हणजे येथे देवाणघेवाण होती, नुसते दान नव्हते, हे मान्य केले पाहिजे. परंतु तो कायदा जागच्या जागी राहिला. पुढे युद्ध पेटले तेव्हा त्याच बाहुल्या शत्रूच्या म्हणून शाळाशाळांतून जाळल्या गेल्या, मोडल्या गेल्या. काही शिक्षकांनी जिवाच्या भीतीने लपवून ठेवल्या तेवढ्या वाचल्या. बाहुली पाठवणाऱ्या मुलांचे मन खोटे नव्हते. पण ज्या अन्यायामुळे दुरावा आला होता त्याला मोठ्या माणसांनी हातही लावला नाही आणि तो दुरावा सांधण्याचे काम मुलांच्या खेळण्यांवर सोपवून दिले.

याच्या उलट उदाहरण पिएर सेरेझोल या स्विस अभियंत्याचे. पहिल्या महायुद्धात ज्या भागाची धूळधाण झाली त्या व्हर्दूनजवळच्या एका फ्रेंच गावात १९२० साली तो काही सोबत्यांना घेऊन गेला. त्यांत जर्मनही होते. कालचे शत्रू आज फावडी घेऊन घरे उभारू लागले. अधिकाऱ्यांना ते रुचले नाही व काम आटोपते घ्यावे लागले, पण त्यातून आंतरराष्ट्रीय श्रमशिबिरांची चळवळ निघाली. १५ जानेवारी १९३४ च्या भूकंपाने बिहार उद्ध्वस्त झाला तेव्हा हाच सेरेझोल तेथे आला आणि राजेंद्रबाबूंच्या मदतकार्याशी जोडून घेऊन गावकऱ्यांबरोबर त्यांची गावे पुन्हा बांधू लागला. त्याने खोकी पाठवली नाहीत. तो आला, राहिला, शिकला आणि घाम गाळला. ज्याच्यासाठी काम करावयाचे त्याच्याबरोबरच काम करावयाचे हा त्याचा दंडक होता. महाराष्ट्रात बाबा आमट्यांनी सोमनाथला ज्या श्रमसंस्कार छावण्या सुरू केल्या त्यांचा आत्मा हाच आहे. साने गुरुजींच्या जन्मदिनी, २४ डिसेंबर १९८५ रोजी, कन्याकुमारीहून निघालेली त्यांची भारत जोडो यात्राही याच परंपरेतील. त्या परंपरेत सेवा करणाराला बक्षीसपत्र मिळत नसे. फार तर हाताला फोड येत.

आता महाड-पोलादपूरच्या अर्थव्यवहाराकडे वळू, कारण दानाचा प्रश्न शेवटी हिशेबाचा प्रश्न आहे.

पोलादपूर तालुक्यात सपाट जमीन थोडी. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी-वरी, खाली पावसावरचे एक भाताचे पीक, त्यावर वर्षभर कुटुंब जगत नाही. म्हणून शंभर वर्षांहून अधिक काळ येथील पुरुष मुंबईला जात आले. गिरणीत, गोदीत, छापखान्यात, घरकामाला, हॉटेलात त्यांनी मजुरी केली. गिरणगावात गावकीच्या खोल्या असत. एका खोलीत एका गावची माणसे पाळीपाळीने झोपत. गावी मनीऑर्डर जाई. या व्यवहाराचा दुसरा अर्थ असा की मुंबईच्या कारखानदाराला तयार, तरणाबांड मजूर मिळत होता आणि त्याला वाढवण्याचा, त्याच्या बायकामुलांना पोसण्याचा, आजारी पडल्यावर वा म्हातारपणी त्याला सांभाळण्याचा खर्च डोंगरातले गाव उचलत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात अडीच लाख गिरणी कामगार उतरले आणि संपानंतर हजारोंच्या नोकऱ्या गेल्या, तेव्हाही त्यांतील पुष्कळांचा भार पुन्हा कोकणातल्या आणि घाटावरच्या गावांनीच उचलला. गिरण्यांच्या जमिनीवर मनोरे उभे राहिले. त्या मनोऱ्यांत राहणाऱ्या मुलाने तळियेच्या मुलाला वही पाठवली तर तिला दान हा शब्द कोणत्या खात्यावर लावायचा? हिशेबनीस त्याला थकबाकीची किरकोळ परतफेड म्हणेल.

याच गावांच्या मुंबईतील ग्रामस्थ मंडळांनी वर्गणी काढून गावच्या शाळांच्या खोल्या बांधल्या, वाटा दुरुस्त केल्या, पाण्याच्या टाक्या उभ्या केल्या. त्यांना कोणी स्वयंसेवक म्हटले नाही की त्यांचा अहवाल छापला नाही. वर्गणी देणाऱ्याचे मूलही मे महिन्यात त्याच शाळेच्या पडवीत खेळणार होते, म्हणून तो देणारा आणि घेणारा असा भेदच पडला नाही. (या मंडळांत जातीच्या भिंती होत्या आणि बायकांचे नाव यादीत नसे, हेही विसरून चालणार नाही. त्यांचे गोडवे गाण्यासाठी हा उल्लेख नाही.)

हिशेबाची आणखी एक बाजू आहे. पुरात महाडच्या पेठेतील वह्या-पुस्तकांच्या आणि कापडाच्या दुकानांत चिखल भरतो. दुकानदाराने नव्याने माल भरावा, उधारी फेडावी, नोकराला पगार द्यावा, तर त्याच वेळी मुंबई-पुण्याहून फुकट वह्यांचे आणि कपड्यांचे ढीग येऊन पडतात. ज्या पैशाने महाडचाच बाजार उभा राहिला असता तो पैसा शहरातील घाऊक बाजारात खर्च होतो आणि वाहतुकीचे भाडे वरती पडते. वापरलेल्या कपड्यांचे ढीग तर निवडण्यातच माणसे अडकतात. रोख मदत स्थानिक शाळा समितीच्या हाती दिली तर ती गावातच फिरते. परंतु रोख रकमेचे छायाचित्र चांगले येत नाही, ही अडचण आहे खरी.

सर्वांत गंभीर गोष्ट मात्र पुढेच आहे. समाज दान देत असताना शासन काय करत आहे? सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने दोन पावले एकाच महिन्यात टाकली. एक, दत्तक शाळा योजना: कोणी उद्योगपती वा संस्था सरकारी शाळेला वस्तुरूपाने साहाय्य करील, ठरावीक मूल्याच्या बदल्यात शाळेच्या नावाला आपले नाव जोडू शकेल. दुसरे, वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्यासाठी अधिकाऱ्यांकडून प्रस्ताव मागवण्यात आले. अशा शाळा राज्यात १४,००० हून अधिक असल्याचे तेव्हाच्या सरकारी आकड्यांतूनच दिसत होते. शिक्षकांनी आणि पालकांनी विरोध केला. परंतु हेतू उघड झाला तो झालाच. शिक्षणहक्काच्या कायद्याखालील राज्याच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीच्या मुलाला घरापासून एक किलोमीटरच्या आत शाळा मिळाली पाहिजे. पोलादपूरच्या डोंगरात नकाशावरचे एक किलोमीटर म्हणजे पावसाळ्यात दोन ओढे आणि एक खिंड. वाडीतील शाळा बंद झाली तर पहिली बळी पडते ती मुलगी. आणि या वाडीत पट कमी का? आईबाप पोटासाठी मुंबई-पुण्याला गेले म्हणून. रोजगार द्यायचा नाही, माणसे गेली की शाळा महाग पडते म्हणायचे, आणि उरलेल्या शाळेला दाता शोधायचा, असा हा क्रम आहे.

२०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक केले. त्यातून काही चांगली कामे झाली आहेत. पण कर आणि दान यांतील भेद कार्यकर्त्याने कधी विसरू नये. कराचा पैसा कोठे जावा हे विधिमंडळात ठरते, त्याबद्दल आमदाराला जाब विचारता येतो. दानाचा पैसा दात्याच्या मनाप्रमाणे जातो. तो बहुधा रस्त्याकडेच्या, मोटार पोहोचणाऱ्या शाळेत जातो आणि वरच्या वाडीतील शाळा कोरडी राहते.

येथे एखादा कार्यकर्ता चिडून विचारील: तळियेच्या माणसांचे छप्पर गेले, त्यांना कंटेनरच्या खोल्यांत पावसाळा काढावा लागला, तेव्हा आम्ही घोंगड्या घेऊन गेलो; तुमचे अर्थशास्त्र घेऊन गेलो असतो तर त्यांची थंडी भागली असती काय? प्रश्न रास्त आहे. घोंगडी त्या रात्रीच हवी असते आणि ती देणाऱ्याचे हात धन्य आहेत. आक्षेप घोंगडीवर नाहीच. आक्षेप आहे तो चौथ्या महिन्यानंतरही घोंगडीच नेत राहण्यावर, आणि त्या कामाला मुलांची मैत्री हे नाव देण्यावर. आपत्तीतील साहाय्य हे एक कर्तव्य आहे, ते मोठ्यांचे आहे, आणि त्याआधी शासनाचे आहे. मुलांची मैत्री हे वेगळे काम आहे. त्याला वर्षे लागतात.

मग ते काम कसे करावे? प्रारंभ दूरच्या प्रांतापासून करण्याची घाई नको. एक भारत श्रेष्ठ भारत या कार्यक्रमात महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी लावलेली आहे. शाळाशाळांतून ओडिशाचे नृत्य होते, पोशाख होतात, तेथील भाषेतील चार वाक्ये पाठ होतात. त्यात वाईट काही नाही. परंतु महाडच्या औद्योगिक वसाहतीत परप्रांतातून पोटासाठी आलेल्या कामगाराचे मूल त्याच वर्गात मागच्या बाकावर गप्प बसलेले असते आणि त्याच्या घरी कोणती भाषा बोलतात हे त्याला कोणी विचारत नाही. आंतरभारती वर्गात चालत आली आहे; तिला ओळखणारा शिक्षक हवा.

महाड तालुक्यात सावित्रीच्या आणि गांधारीच्या काठाने कोकणी मुसलमानांची जुनी गावे आहेत. तेथील कित्येक घरांतील कर्ते पुरुष आखाती देशांत आहेत, जसे शेजारच्या कुणबी घरातील मुंबईत. दोन्ही घरांत बाप वर्षातून एकदा दिसतो. पण एकाच परिसरात एक उर्दू शाळा असते, एक मराठी शाळा असते आणि त्यांतील मुलांची गाठ क्वचितच पडते. पडली तर क्रिकेटच्या मैदानावर, विरुद्ध संघांत. ज्या गावाने १९२७ साली फत्तेखानाची जागा पाहिली त्या गावाच्या मुलांना आज एकमेकांची लिपी वाचता येऊ नये हे खेदाचे आहे. मराठी शाळेतील मुलाने उर्दू शाळेत आठवड्यातून एक तास जावे, तिकडच्याने इकडे यावे, एकमेकांची मुळाक्षरे शिकावीत, एवढ्यासाठी कोणत्या कंपनीचा निधी लागतो?

कातकरी वाड्यांचा विषय याहून कठीण आहे. दिवाळी झाली की ही कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडाशी परततात. अर्धे वर्ष मूल वर्गात नसते. नंतर ते आले की त्याला काही येत नाही असा शेरा बसतो. त्याला रानातील कंद ओळखता येतात, नदीतला मासा कोठे लपतो ते कळते, खेकड्याची बिळे दिसतात. पण यांतील कशालाही परीक्षेत गुण नाहीत. अशा मुलाला दप्तर भेट देणे सोपे आहे. त्याला एक दिवस गुरुजी करणे आणि शहरातून आलेल्या मुलांना त्याच्या मागून रानात पाठवणे अवघड आहे, कारण मग शिकवणारा कोण आणि शिकणारा कोण हे पारडे उलटे होते. ते उलटे झाल्यावाचून मैत्री होत नाही.

शहरातील आणि डोंगरातील मुलांनी एकमेकांच्या घरी राहावे, हा जुना आणि उत्तम मार्ग आहे. २०२१ साली दिवंगत झालेले डॉ. एस. एन. सुब्बाराव देशभर जे बालमहोत्सव भरवत त्यांत परप्रांतांतून आलेली मुले यजमान गावातील कुटुंबांत मुक्काम करीत. चार दिवस परक्या घरात जेवले, झोपले की पाठ्यपुस्तकातील एकात्मतेची गरज राहत नाही. महाडच्या शेजारी, माणगाव तालुक्यातील वडघर येथे साने गुरुजींचे राष्ट्रीय स्मारक आहे. तेथे मुलांची आणि युवकांची शिबिरे होत आली आहेत. जागा आहे, परंपरा आहे. उणीव आहे ती परतीच्या प्रवासाची. शहरातील मुले शिबिराला येतात, लावणीचा अनुभव घेतात, चिखलात फोटो काढतात आणि जातात. पोलादपूरचे मूल त्यांच्या घरी कधी जाते? तेथील जेवणाच्या मेजावर बसते? शहरातील मुलाला राब भाजणे, आवण काढणे, इरले पांघरून पावसात वाकणे दाखवले गेले, तर डोंगरातल्या मुलाला शहरातील ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि नाटक आपले वाटावे इतके दिवस तेथे राहू दिले पाहिजे. पाहुणा म्हणून, लाभार्थी म्हणून नव्हे. पुष्कळ पालक येथेच अडखळतील. दुसऱ्याच्या मुलाला वही देणे निराळे आणि त्याला आपल्या मुलाच्या खोलीत झोपवणे निराळे. नेमकी हीच अडखळण्याची जागा कार्यकर्त्याच्या कामाची जागा आहे. वर्गणी गोळा करण्यापेक्षा चार पालकांची मने वळवण्याला अधिक चिकाटी लागते.

कार्यकर्त्यांनी स्वतःकडेही पाहावे. शिबिराच्या उद्घाटनाला तीन भाषणे, समारोपाला चार, आणि मधल्या वेळात स्थानिक मुले सतरंज्या उचलतात, पाहुण्यांना चहा नेऊन देतात, हे चित्र सेवेच्या परंपरेतील संस्थांनाही परके नाही. ज्या गावात शिबिर भरते तेथील मुले शिबिरार्थी असतात की वाढपी, हे यजमानांनी एकदा मोजून पाहावे. तसेच, गावची शाळा बंद होत असताना त्याच गावात एकात्मतेचे शिबिर भरवून परतणे आणि गटशिक्षणाधिकाऱ्याच्या दारात न जाणे, यालाही काही अर्थ नाही. शहरातील पालकांनी आपल्या मुलाच्या पोलादपूरच्या मित्राची शाळा टिकावी म्हणून निवेदनावर सही करावी, मोर्च्यात यावे. तेव्हा त्या मैत्रीला वजन येईल. अमेरिकन मुलांच्या मातापित्यांनी बाहुल्यांबरोबर तो कायदाही बदलायला लावला असता तर पुढची गोष्ट कदाचित वेगळी झाली असती, कदाचित नसतीही. पण प्रयत्न प्रामाणिक ठरला असता.

दर हिवाळ्यात शाळांच्या सहली रायगडावर येतात. महाडवरून बसगाड्यांची रांग लागते, पाचाडला जिजाऊंच्या समाधीशी थोडा वेळ थांबून मुले पायऱ्यांनी किंवा १९९६ पासून सुरू असलेल्या रज्जुमार्गाने गडावर जातात, जयजयकार होतो, जेवण होते आणि गाड्या परततात. गडाच्या पायथ्याच्या वाड्यांतील मुले त्यांना ताक आणि काकड्या विकतात. सहलीच्या मुलाची स्थानिक मुलाशी भेट होते ती एवढीच, मोलभावाची. पोलादपूर तालुक्यात उमरठला तानाजीची समाधी आहे. तेथील शाळेतील मुलांना तो परिसर कोणत्याही वाटाड्यापेक्षा अधिक ठाऊक असतो. राष्ट्र सेवा दलाच्या किंवा शिक्षक संघटनेच्या एखाद्या शाखेने येत्या हंगामात एवढे तरी करावे: एका सहलीचा मुक्काम धर्मशाळेत न ठेवता पायथ्याच्या एखाद्या गावात, घराघरांत ठेवावा, राहण्याजेवण्याचा रास्त खर्च त्या घरांना द्यावा, गड दाखवण्याचे काम गावच्या सातवीच्या वर्गाकडे सोपवावे. आणि सहलीची वर्गणी ठरवतानाच तिच्यात त्या सातवीच्या वर्गाचे एस.टी.चे जाण्यायेण्याचे भाडे धरावे, म्हणजे मे महिन्यात तो वर्ग त्या शहरातील घराघरांत मुक्कामाला जाईल. निघण्यापूर्वी दोन्ही वर्गांनी एकमेकांना पत्रे लिहावीत, नावानिशी, पूर्ण पत्त्यानिशी.